आपलं गाव शेजारच्या शहरात गेलं तेव्हा... (अनुभव धागा)

तुंबा:
परवा ऑफिसात डबा खाताना कोल्हापूरच्या हद्दवाढीवरून जुंपली. एकजण मंगळवार पेठेतला, दुसरा पाचगावचा. पेठवाला म्हणे, १९७२ ला महापालिका झाली तेव्हाची हद्द अजून तीच, मग शहरानं वाढायचं कुठं? पाचगाववाला म्हणे, तुम्ही वाढायला आमच्या रानावर आरक्षणं कशाला? दोघांचे डबे गार झाले. मी आपला गप्प. कारण मी मिरजेचा, आमच्याकडे हे सगळं १९९८ लाच उरकलंय. फेब्रुवारीत सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महापालिका झाली.

मी तेव्हा शाळेत होतो. आजोबांनी घरात जाहीर करून टाकलं होतं की मिरज कुणाच्या पोटात जाणार नाही. त्यांचा हिशेब साधा होता. जंक्शन आपल्याकडे, मोठे दवाखाने आपल्याकडे, सतारी आपल्याकडे. सांगलीकडे काय, तर हळद आणि कलेक्टर. बाबांचं दुकान, त्यामुळे त्यांना या अस्मितेशी काही घेणंदेणं नव्हतं. सांगलीहून माल आणला की मधे जकात, ती कटकट जाईल एवढंच ते बघत होते. जेवताना दोघांचं वाजायचं आणि आई म्हणायची, नळ कुणाचा का असेना, पाणी किती वाजता येणार तेवढं विचारून ठेवा.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो पेंटर. कचऱ्याच्या हातगाड्यांवर 'मि. न. पा.' असं लिहिलेलं असायचं. गल्लीच्या तोंडाशी उकिडवा बसून तो त्यावर हिरवा हात मारत होता आणि वर पांढऱ्यानं नवीन नाव काढत होता. नाव एवढं लांबलचक की 'सांगली मिरज आणि कुपवाड' एवढ्यातच गाडीची बाजू संपली. मग त्यानं 'शहर महानगरपालिका' खाली बारीक अक्षरात कोंबलं. पुढच्या पावसाळ्यात हिरव्या रंगाचे पोपडे निघाले आणि खालचं मि. न. पा. परत वर आलं. आजोबा आल्यागेल्याला मुद्दाम बाहेर नेऊन ती गाडी दाखवायचे.

फायदा झाला का तोटा, मला अजून ठामपणे सांगता येत नाही. तुमचं गाव कुणात गेलं असेल, किंवा जाऊन परत बाहेर आलं असेल, तर लिहा. पक्षांची नावं नकोत, धागा बंद पडतो.

हळदीचा_वायदा:
फक्त हळद आणि कलेक्टर??? गणपती विसरलात काय राव.

तुंबा:
आजोबा असते तर म्हणाले असते, गणपती पटवर्धनांचा, आणि पटवर्धन आधी मिरजेचे 😄 दोनेकशे वर्षांपूर्वी काका-पुतण्याच्या वाटणीत सांगली वेगळी निघाली, १९९८ ला परत एका चुलीवर आली.

हळदीचा_वायदा:
चूल एक झाली, तरी भाकरी कोण थापणार यावर भांडण चालूच आहे. महापौर या बाजूचा की त्या बाजूचा, हा आमच्याकडे अजून चहावरचा विषय आहे.

कुपवाडचा_तिसरा:
तुमचं दोघांचं चालू द्या. एमआयडीसी आमची, नाव शेवटी.

खटपटी:
कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. गाव सांगत नाही, सासर आहे. मोठ्या शहराला चिकटून आहे एवढं समजा.

आधी दिव्याचं सांगते. पंचायत होती तेव्हा खांबावरचा दिवा गेला की सासरे संध्याकाळी पारावर जाऊन शिपायाला हाक मारायचे. तो शिडी खांद्यावर टाकून यायचा, दिवा बदलायचा, चहा घेऊन जायचा. आता अ‍ॅपवर तक्रार. फोटो काढा, लोकेशन टाका, टोकन नंबर येतो. मागच्या महिन्यात मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे'. तो मेसेज मी त्याच खांबाखाली अंधारात उभी राहून वाचला.

घरपट्टीचं म्हणाल तर पहिल्या वर्षी पंचायतीच्याच दरानं आली, तेव्हा सगळे खूश. मग टप्प्याटप्प्यानं वर वर. आणि पाणी अजून टँकरचंच. तिसरी झाली, जाते.

बेगमी:
ताई, निराकरण अंधाराचं नाही, तक्रारीचं झालं. सरकारी भाषा नीट वाचत जा 😂

नाशिकरोडकर:
आमचं थोडक्यात. १९८२ ला नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली या तीन नगरपालिका मिळून महापालिका झाली. आज आमच्या घरात महापालिकेनंतर जन्मलेलीही माणसं आहेत. तरी कापड घ्यायला निघाली की दारातून ओरडतात, "नाशिकला जाऊन येतो गं."

पश्चिमद्रुती:
सेम. आमचे बोरिवलीचे आजोबा चर्चगेटची गाडी पकडताना "मुंबईला चाललो" म्हणायचे. १९५७ ला बोरिवली, मुलुंड, दहिसर सगळं मुंबई महापालिकेत आलं, हे त्यांच्या कानावर कुणी घातलंच नसावं.

दप्तरी:
नोकरीत अशा दोन-तीन समावेशांच्या कामावर होतो, आता निवृत्त. कुठल्या महापालिका ते लिहीत नाही, पेन्शन चालू आहे. बाहेरून लोकांना वाटतं की सही झाली आणि गाव शहरात आलं. आतून कसं असतं ते सांगतो.

कायद्यात अधिकार सरकारचा. हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते. ग्रामसभेनं एकमुखानं नाही म्हटलं तरी तो ठराव सरकारवर बंधनकारक नसतो. अंतिम अधिसूचना निघाली की पंचायत संपली. आमच्यातला एक अधिकारी दोन कारकून घेऊन जातो आणि दप्तर ताब्यात घेतो. नमुना ८ म्हणजे घरांच्या आकारणीचं रजिस्टर, नमुना ९ म्हणजे मागणीचं. हे दोन नीट असतील तर अर्धी लढाई जिंकली. पण बहुतेक ठिकाणी लोखंडी पेटी उघडली की आधी कसर बाहेर पडते. एका रजिस्टरच्या सगळ्या कडा खाल्लेल्या, आडनावं गायब, नुसते 'राव' आणि 'बाई' शिल्लक. त्यावरून घरपट्टी कुणाला लावायची?

मग जंगम मालमत्ता. यादीत पाण्याचा टँकर असतो, जागेवर नसतो. विचारलं की "दुरुस्तीला गेलाय". कुठल्या गॅरेजला, ते कुणालाच माहीत नसतं.

सगळ्यात अवघड माणसांचं. समावेशाची कुणकुण लागली की पंचायतीच्या हजेरीपटावर शिपाई उगवायला लागतात, तारखा मागच्या. कारण एकदा महापालिकेत वर्ग झाला की वेतन आयोग. आणि ज्यानं खरोखर उमेदीची सगळी वर्षं झाडू मारला, त्याच्याकडे नेमणुकीचा कागदच नसतो, कारण सरपंचांनी त्याला तोंडी ठेवलेला. खोट्याची फाईल चोख आणि खऱ्याची कोरी, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अशा एकाचं प्रकरण आम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या जुन्या फोटोवरून उभं केलं होतं. मागे खुर्च्या मांडताना तो दिसत होता. पुढं त्याचं काय झालं ते कळण्याआधी माझी बदली झाली.

शाळांचा घोळ तर वेगळाच. इमारत जिल्हा परिषदेची, शिक्षक जिल्हा परिषदेचे, गाव महापालिकेचं. छप्पर गळलं की दोन्हीकडचे एकमेकांना पत्रं लिहितात.

खटपटी:
काका, त्या माणसाचं पुढे काय झालं हे कळायला हवं होतं हो.

दप्तरी:
मलाही.

सत्तावीस_बारा:
कल्याण-डोंबिवलीची २७ गावं कुणी काढली नाहीत अजून? मावशी तिथलीच. १९८३ ला महापालिकेत गेली, २००२ ला बाहेर, २०१५ ला परत आत. २०२० ला त्यातली १८ पुन्हा वेगळी करायची अधिसूचना निघाली, ती हायकोर्टानं रद्द केली. मावशीनं लग्नपत्रिकेवर नुसतं 'स्टेशनवरून रिक्षा' असं छापलं.

पाणंद:
उलट बाजूनं लिहितो, कारण सगळे पंचायतीचं गुणगान गातायत. आमच्या गावात (तेव्हाच्या) पंचायतीच्या सगळ्या जागा दोन घराण्यांत. त्यांच्या गल्लीत काँक्रीट, आमच्या वस्तीत चिखल. ग्रामसभेत उभं राहून बोलायची सोय नव्हती, दुसऱ्या दिवशी त्यांच्याच रानात कामाला जायचं असायचं. शहरात गेलो तेव्हा आमच्या वस्तीनं फटाके वाजवले. खोटं नाही सांगत. ड्रेनेज आलं, घंटागाडी आली. आणि मुख्य म्हणजे कामासाठी ज्याच्याकडे जायचं तो अधिकारी आम्हाला ओळखत नव्हता. तुम्हाला दिवा लावणारा ओळखीचा शिपाई आठवतो ताई, आम्हाला त्याच शिपायाचं 'मग बघू' आठवतं.

खटपटी:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं दादा. सासरे पारावर बसू शकायचे म्हणून दिवा लागायचा, बरोबर.

बेगमी:
+१ पाणंद. पण आता प्रभाग चार-चार सदस्यांचा. पकडायचं कुणाला? एक म्हणतो तो भाग त्याच्याकडे, दुसरा म्हणतो याच्याकडे. आणि मधे २०२२ पासून तर कित्येक महापालिकांत निवडून आलेलं कुणीच नव्हतं, नुसते प्रशासक. नवीन आलेल्या गावांचा सरपंच गेला आणि नगरसेवक आलाच नाही, अशी काही वर्षं गेली.

पीएमटीचा_पास:
मी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या मधे रोज ये-जा करणारा जीव. दोन्ही महापालिका एक करा असं अधूनमधून कुणीतरी म्हणतं, मला ते पटत नाही. पिंपरी-चिंचवड १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महापालिका, कारखान्यांच्या जिवावर वाढलेलं गाव, त्याचे प्रश्न वेगळे. मला काय हवंय? हॅरिस पूल ओलांडला म्हणून बस बदलायला लागू नये. ते २००७ ला झालं, पीएमटी आणि पीसीएमटी मिळून पीएमपीएमएल. पैसे दोघं देतात, साठ-चाळीसच्या हिशेबात. दोन ऑफिसं, दोन आयुक्त, बस एक. नदी, कचरा, पाणी यांचंही असंच करा. बाकी घरपट्टी कुणाच्या खिडकीत भरायची ती आपापल्या खिडकीत भरू.

आणि पुण्याचं पोट आधीच सुटलंय. २०१७ ला ११ गावं, २०२१ ला २३. क्षेत्रफळात मुंबईला मागे टाकलं. मग त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढून २०२४ ला त्यांची वेगळी नगरपरिषद. म्हणजे घेतलेलंही पचलेलं नाही.

हळदीचा_वायदा:
बस एक झाली म्हणता, ती वेळेवर येते का ते सांगा 😛

पीएमटीचा_पास:
विषय विलीनीकरणाचा आहे, चमत्कारांचा नाही.

मनगुळी:
धारवाडहून. आमच्याकडे हुबळी-धारवाड महापालिका १९६२ पासून एकत्र. मधे वीस किलोमीटर. वडील म्हणायचे, लग्न लावलं पण नांदायला कुणी आलं नाही. मुख्य ऑफिस हुबळीत. धारवाड म्हणजे विद्यापीठ, गाणं, झाडं, पेन्शनर. हुबळी म्हणजे व्यापार, रेल्वे. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, कर्नाटक मंत्रिमंडळानं धारवाडची महापालिका वेगळी करायला मंजुरी दिली. साठ वर्षांनी! आमच्या गल्लीत पेढे वाटले. मला विचाराल तर भीती वाटते. आम्ही पेन्शनर लोक कर किती भरणार, आणि व्यापार तर सगळा तिकडं.

तुंबा:
हेच मला बाबांकडून ऐकायला मिळायचं. आजोबांच्या अस्मितेचा खर्च कोण करणार, असं ते विचारायचे.

यमुनापार:
मनगुळी, तुमची भीती बरोबर आहे. दिल्ली महापालिकेचे २०१२ ला तीन तुकडे केले. छोटा कारभार म्हणजे चांगला कारभार, असं तेव्हा सांगितलं. पण श्रीमंत वस्त्या गेल्या दक्षिणेला आणि पूर्वेच्या वाट्याला आले खर्च. सफाई कामगारांचे पगार थकायचे, मग संप, रस्त्यावर कचऱ्याचे ढीग. २०२२ ला परत तिन्ही एक केल्या. रेघ कुठं मारली यावर सगळं असतं.

वाडीतली:
वसई. आजीची वाडी, केळी, पानवेल, बावखल. २००९ ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून महापालिका. पश्चिमेकडच्या गावांनी केवढा विरोध केला! आजी आयुष्यात कधी मोर्चात गेली नव्हती, तेव्हा लाल लुगडं नेसून पुढच्या रांगेत. तिला महापालिका म्हणजे काय हे सांगायला कुणी जावं लागलं नाही. ट्रेनच्या खिडकीतून तिनं पूर्वेकडच्या चाळी आणि इमारती उगवताना पाहिल्या होत्या. "आमचा बावखल बुजवतील" एवढंच बोलायची.

त्यातल्या २९ गावांचा वाद कोर्टात वर्षानुवर्षं रेंगाळला. बावखल आमचा अजून आहे. पण तो महापालिकेमुळे किंवा महापालिका असूनही टिकलेला नाही, मामानं विकला नाही म्हणून टिकला. शेजारच्यांनी विकला, तिथं आता पार्किंग.

बेगमी:
बावखल म्हणजे?

वाडीतली:
वाडीतली गोड्या पाण्याची तळी. पावसाचं पाणी त्यात साठतं, त्यावरच बागायत. समुद्र जवळ असून विहिरी खाऱ्या होत नाहीत त्या यामुळेच.

स्कारबरोची_थंडी:
इकडचं पण टाकते, मुलाला शाळेतून आणायला निघायचंय. टोरांटोत १९९८ च्या जानेवारीत सहा नगरपालिका एक केल्या. आदल्या वर्षी सहाही ठिकाणी मतदान घेतलेलं, लोकांनी मोठ्या बहुमतानं नको म्हटलं होतं. प्रांत सरकारनं तरी केलंच. मॉन्ट्रियलला उलटी गंमत, २००२ ला एकत्र केलं, २००४ ला सार्वमत, २००६ ला १५ गावं परत वेगळी. इथले शेजारी आजोबा पाकिटावर अजून टोरांटो लिहीत नाहीत, स्कारबरोच लिहितात. पत्र पोचतं.

तुंबा:
१९९८! आमच्याच वर्षी. आजोबांना कळलं असतं तर टोरांटोला पाठिंब्याचं पत्र धाडलं असतं.

पाणंद:
लोकांना विचारून नाही म्हटल्यावरही करतात, म्हणजे सगळीकडे सारखंच की.

दप्तरी:
मॉन्ट्रियलमध्ये परत विचारलं तरी. आमच्या कारकिर्दीत गावाला दुसऱ्यांदा कुणी विचारलेलं पाहिलं नाही.

रानमेवा_२:
तुंबा, तुमचा आयडी सतारीच्या भोपळ्यावरून का? ते भोपळे मिरजेतच पिकतात का?

तुंबा:
हो त्यावरूनच. पिकत नाहीत, पंढरपूरकडून येतात. नदीकाठची माती आणि कोरडी हवा लागते म्हणे, सालही जाड येतं. सतारमेकर गल्लीत गेलात तर माळ्यावर ओळीनं सुकत टांगलेले दिसतील. पूर्वी ते आणतानाही जकात पडायची, बाबांचा तो आवडता दाखला. वाद्यं बनवणाऱ्या एकानं नाक्यावर सांगितलं, भाजी आहे. नाकेदार म्हणाला, एवढी कडक भाजी कोण खातो, मिरजेत सगळे भुकेले आहेत काय.

हळदीचा_वायदा:
हे आवडलं 😂

रानमेवा_२:
विषयाला सोडून आहे, पण दप्तरी काका आहेत म्हणून विचारते. आईचा जन्म १९५८ चा, गाव तेव्हा पंचायतीत, आता महापालिकेत. जन्मदाखला हवाय. पंचायतीचं ऑफिस आता आरोग्य कोठी झालंय. विचारायचं कुठं?

दप्तरी:
आधी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात. समावेशाच्या वेळी पंचायतीची रजिस्टरं तिकडे जमा व्हायला हवीत, कधी ती क्षेत्रीय कार्यालयात पडून असतात, म्हणून दोन्हीकडे विचारा. तिथं नसेल तर तहसील कार्यालयात अभिलेख कक्ष, कोतवाल बुक मागा. जुन्या गावांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात. एक लक्षात ठेवा, त्यात बाळाचं नाव बहुतेक नसतं, वडिलांचं नाव आणि मुलगा-मुलगी एवढंच. त्यामुळे आईच्या सगळ्या भावंडांचे जन्म अंदाजे कधीचे, ते आधी घरात बसून लिहून काढा.

रानमेवा_२:
आईला पाच भावंडं, आणि त्यातल्या दोघांचं कोण मोठं यावरच वाद आहे. बघते. धन्यवाद काका.

दप्तरी:
शाळा सोडल्याचा दाखला पण बरोबर न्या. आणि सकाळी अकराच्या आत जा, नंतर पेटीची चावी ज्याच्याकडे असते तो साईटवर असतो.